खडकवासल्याचे जलसंशोधन केंद्र : पूरविद्येच्या शतकाची कैफियत

मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी जो एक लहानसा खास विभाग स्थापन केला, त्याच्याकडे सोपविलेले काम अगदी मर्यादित स्वरूपाचे होते. दख्खनच्या कालव्यांखाली, विशेषतः नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, उसाला भरपूर पाणी मिळू लागल्यापासून काळ्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या होत्या, शेताशेतांतून मीठ फुटू लागले होते, आणि ज्या पाण्याने रयतेचे दैन्य फिटावयाचे त्याच पाण्याने तिची उत्तम जमीन नापीक होत चालली होती. ह्याचे कारण शोधावे, निचऱ्याची तजवीज करावी आणि पिकाची गरज व कालव्याचे पाणी यांचा मेळ बसवून द्यावा, एवढ्यासाठीच हा विभाग होता. पुराचा उल्लेख त्याच्या कार्यकक्षेत कोठेही नव्हता. तथापि पाण्याचा अभ्यास असा आहे की, तो एका टोकाने हाती घेतला म्हणजे दुसरे टोक आपोआप हातात येते. कालव्यातून किती पाणी वाहते हे मोजू लागलेल्या माणसास, ते पाणी ज्या नदीतून येते त्या नदीचे वर्तन फार काळ दृष्टीआड करता येत नाही. आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र या नावाने आणि पुणेकरांच्या तोंडी ‘सीडब्ल्यूपीआरएस’ या आद्याक्षरांनी रूढ असलेली संस्था अशा रीतीने, कोणाच्या आखणीवाचून, पूरविद्येकडे वळली.

तिला हे वळण देणारा मनुष्य म्हणजे क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस. डब्लिनमध्ये १८८३ साली जन्मलेला आणि तेथील ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला हा अभियंता १९०६ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाला आणि त्याने आपल्या आयुष्याची चार दशके ह्या मुलुखाच्या पाण्यास वाहिली. १९४५ साली त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली, पुढे इंग्लंडात वॉलिंगफर्ड येथील जलसंशोधन संस्थेचा तो पहिला संचालक झाला, आणि १९५३ साली रॉयल सोसायटीने त्यास आपला सदस्य करून घेतले. परंतु त्याच्या कीर्तीचा पाया खडकवासल्याच्या माळावर घातला गेला होता, ही गोष्ट आपण पुणेकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. खात्यातील दप्तरी नोंदींवर विसंबून न राहता प्रत्यक्ष प्रवाहात मापन करावयाचे, आणि मापनातून जे सूत्र निघेल ते दुसऱ्या नदीवर पुन्हा पडताळून पाहावयाचे, हा शिरस्ता त्याने घालून दिला. संस्थेने तो आजतागायत मोडलेला नाही.

ह्या शिरस्त्याचे एक फळ जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पंख्याच्या आकाराच्या खोऱ्यातून एकदम एका तोंडाशी गोळा होतो, तेव्हा तेथे जास्तीत जास्त किती पूर येऊ शकेल, हा प्रश्न धरण, पूल किंवा मोरी बांधणाऱ्या प्रत्येक अभियंत्यापुढे उभा असतो. इंग्लिसने पश्चिम भारतातील नद्यांच्या नोंदींवरून त्याचे जे उत्तर काढले ते इतके सुटसुटीत आहे की, तालुक्याच्या ठिकाणच्या ओव्हरसियरलाही ते तोंडी सांगता यावे: पाणलोटाचे क्षेत्र चौरस मैलांत घ्यावे, त्यास सात हजारांनी गुणावे, आणि क्षेत्रात चार मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने त्या गुणाकारास भागावे, जे उत्तर येईल तितके क्युसेक्स, म्हणजे दर सेकंदास तितके घनफूट पाणी, नदीतून जाईल असे गृहीत धरावे. शंभर चौरस मैलांच्या खोऱ्यास हा हिशेब लावला तर आकडा ६८ हजार क्युसेक्सच्या पुढे जातो. डिसूझा यांच्या सहकार्याने त्याने घाटमाथ्यावरचा पाऊस आणि पठारावरचा पाऊस यांच्यातून नदीस किती पाणी मिळते याची निरनिराळी सूत्रे बसविली, आणि घाट व देश ह्या दोहोंचा जलव्यवहार मुळातच भिन्न आहे ही शेतकऱ्याच्या अनुभवातील गोष्ट गणिताच्या भाषेत प्रथमच नोंदली गेली. महाराष्ट्रातील कित्येक जुने बंधारे व पूल ह्याच सूत्रांच्या आधारे उभे आहेत. सूत्राच्या मर्यादेचा विचार पुढे करावयाचा आहे; तूर्त एवढेच लक्षात ठेवावे की ते भूतकाळात प्रत्यक्ष पाहिलेल्या पुरांवरून काढलेले आहे.

प्रारंभी हडपसर येथे असलेले हे काम पुढे खडकवासल्यास आले, आणि ही जागा निवडण्यात मोठाच विवेक होता. १८६९ ते १८७९ या काळात बांधलेल्या, कर्नल फाइफ यांच्या नावाने त्या वेळी ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाच्या भिंतीखाली बारमाही पाणी, पुरेसा उतार आणि विस्तीर्ण मोकळी जमीन ह्या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत होत्या. पुण्याच्याच विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ह्याच धरणावर १९०३ साली आपले स्वयंचलित दरवाजे प्रथम बसविले होते, आणि पाणी ठरावीक पातळीवर चढताच माणसाच्या हाताशिवाय उघडणाऱ्या त्या दरवाजांनी पूरनियंत्रणाचा एक नवा मार्ग दाखविला होता. तेव्हा संशोधनास अनुकूल अशी परंपरा त्या जागी आधीपासूनच होती.

आज सुमारे साडेचारशे एकरांवर पसरलेल्या ह्या आवारात नदीची जी प्रतिरूपे उभारली जातात, त्यांचे कार्य ज्याने एकदा समजून घेतले त्यास ह्या विद्येविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. विटा, सिमेंट व वाळू यांनी नदीचे पात्र तिच्या प्रत्येक वळणासह, खडकासह आणि डोहासह प्रमाणात घडवावयाचे. प्रत्यक्षातील शंभर फूट म्हणजे येथे एक फूट असे मान धरले, तर प्रवाहाचा वेग दहापट कमी होतो, काळही दहापट आखडतो, आणि पाण्याचे परिमाण एक लाखपट उतरते. अर्थात एक लाख क्युसेक्सचा महापूर येथे अवघ्या एका क्युसेकने साकार होतो, आणि चोवीस तास चाललेला पूर दोन तास चोवीस मिनिटांत डोळ्यांसमोरून निघून जातो. त्या अवधीत मदतनीस टोकदार मापकाची सुई पाण्याच्या पृष्ठभागास नेमकी टेकवून पातळी वाचीत असतात, प्रवाहावर सोडलेले तरंगते तुकडे कोणत्या वाटेने जातात ते टिपले जाते, आणि पूर ओसरल्यावर वाळू कोठे खरवडली व कोठे साचली याचा नकाशा उतरविला जातो. पहिल्या पुरात प्रतिरूपाने प्रत्यक्ष नदीच्या जुन्या नोंदीशी जुळणारे उत्तर दिले नाही, तर पात्राचा खडबडीतपणा कमीअधिक करून तोच पूर पुन्हा सोडावयाचा. नोंदीशी मेळ बसल्यावाचून भविष्याविषयी एक अक्षरही लिहावयाचे नाही. ह्या शिस्तीत संस्थेचे सारे चारित्र्य आले आहे, असे माझे मत आहे.

सिंधूवरील सक्कर बंधाऱ्याच्या कालव्यांत शिरणारा गाळ आणि गंगेवरील हार्डिंज पुलास १९३३ च्या पुरानंतर निर्माण झालेला धोका, ह्या दोन प्रश्नांनी खडकवासल्याची कीर्ती इलाख्याबाहेर नेली. आणि १९३६-३७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने ती संस्था आपल्या ताब्यात घेतली. नदी वळणे का घेते, तिच्या वळणाची लांबी तिच्या पुराच्या परिमाणाशी कशी बांधलेली असते, आणि तिला बळाने सरळ करू पाहिल्यास ती दुसरीकडे कशी उसळते, याचा इंग्लिसने येथे केलेला विचार ‘द बिहेविअर अँड कंट्रोल ऑफ रिव्हर्स अँड कॅनाल्स’ या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थेचे नाव बदलले आणि व्यापही वाढला. द. वि. जोगळेकरांनी नद्यांचे वर्तन व नियंत्रण यांवर जी संहिता तयार केली ती देशभरच्या पाटबंधारे खात्यांच्या टेबलावर पोहोचली. १९५० च्या आसाम भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचे पात्र गाळाने उंचावले आणि दिब्रुगड शहराचा काठ ढासळू लागला, तेव्हा त्याच्या संरक्षणाचा प्रश्नही येथे आला. हुगळीच्या भरतीओहोटीचा आणि कलकत्ता बंदरातील गाळाचा अभ्यास कित्येक वर्षे चालला. चिं. वि. गोळे आणि श्री. वि. चितळे यांनी १९६६ साली कोसी नदीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सुमारे दोनशे वर्षांत शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर पश्चिमेकडे सरकलेली ही नदी मुळात आपल्याच गाळाचा एक प्रचंड पंखा रचीत असते, हे त्यांनी दाखवून दिले. बांध घालून अशा नदीस एका जागी धरले तर तिचा गाळ बांधांच्या मधोमध साचून पात्र भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच होते. आणि ऑगस्ट २००८ मध्ये कुसहा येथे बांध फुटून कोसी आपल्या जुन्या वाटांनी बिहारात शिरली, तेव्हा त्या निबंधाची आठवण ज्यांस झाली नसेल त्यांनी तो वाचलेलाच नव्हता असे म्हणावे लागेल. १९७१ पासून ह्या संस्थेस आशियाई-प्रशांत प्रदेशासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाची प्रादेशिक प्रयोगशाळा म्हणून मान्यता मिळाली.

परंतु पुण्यात लिहिल्या जाणाऱ्या पुराच्या इतिहासात १२ जुलै १९६१ ह्या दिवसास जे स्थान आहे ते दुसऱ्या कशासही नाही. मुठेची उपनदी जी आंबी, तिच्यावर पानशेत येथे मातीचे धरण बांधून होत आले होते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात जलाशय भरत गेला, भराव खचू लागला, लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात येऊन आदळला. एका शतकास अठरा वर्षे कमी, म्हणजे ब्याऐंशी वर्षे, उभी असलेली ती दगडी भिंतही काही तासांत कोसळली, आणि नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा आदी पेठांतून व डेक्कनच्या बाजूस पाणी मजल्यामजल्यांनी चढले. न्या. बावडेकर आणि त्यांच्यानंतर नाईक यांच्या आयोगाने ह्या आपत्तीची चौकशी केली. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर ह्या वसाहती पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातूनच आजच्या रूपास आल्या, हे तेथे आज राहणाऱ्या तरुण पिढीस पुष्कळदा ठाऊक नसते. ज्या संस्थेचे आवारच फुटलेल्या भिंतीच्या पायथ्याशी होते, तिच्या दृष्टीने धरणफुटी हा विषय ह्यापुढे केवळ पाठ्यपुस्तकातील प्रकरण राहणे शक्यच नव्हते. धरण फुटले तर लाट किती वेळात कोठे पोहोचेल, तिची उंची किती असेल आणि कोणत्या वस्तीस बाहेर पडण्यास किती अवधी मिळेल, याचे गणित पुढे संगणकावर मांडले जाऊ लागले. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये प्रत्येक विनिर्दिष्ट धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा जो बंधनकारक झाला आहे, त्याचा आधार असेच गणित असते.

पानशेतनंतर सव्वा वर्षाने, नोव्हेंबर १९६२ मध्ये, पुण्यातच उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली आणि पी. आर. पिशारोटी हे तिचे पहिले संचालक झाले. ह्या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. तथापि ही दुसरी संस्था वगळून पहिलीचा पुढचा इतिहास सांगता येणार नाही. हवामान खात्याचे मुख्य दप्तर १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आल्यापासून (शिवाजीनगरची ती इमारत अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते) देशभरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी ह्या शहरात साठत आल्या होत्या. त्यांतून ३०६ केंद्रे निवडून पार्थसारथी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७१ पासूनच्या मोसमी पावसाची एकसंध मालिका सिद्ध केली, आणि ओंकारनाथ धर यांनी देशातील मोठ्या पर्जन्यवादळांचा आयुष्यभर अभ्यास करून कोणत्या खोऱ्यात जास्तीत जास्त किती पाऊस संभवतो याचा अंदाज धरणबांधणीस उपलब्ध करून दिला. म्हणजे ढगातून जमिनीपर्यंतचे पाणी ह्या हवामानसंस्थेच्या पाषाणला आणि जमिनीवरून समुद्रापर्यंतचे पाणी खडकवासल्याला, अशी ही विद्येची वाटणी पुण्यात होऊन बसली.

ह्या वाटणीचे महत्त्व एकविसाव्या शतकात एकाएकी प्रकट झाले. २००६ साली भू. ना. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाषाणहून असे दाखवून दिले की, १९५१ ते २००० या अर्धशतकात मध्य भारतावरच्या मोसमी पावसाची एकूण बेरीज फारशी बदलली नसली, तरी अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटले आहेत. २०१७ साली रॉक्सी मॅथ्यू कोल आदींनी १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढल्याचे मांडले आणि त्याचा संबंध अरबी समुद्राच्या तापत्या पाण्यावरून येणाऱ्या बाष्पाशी जोडला. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्पधारणेची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राचे जुने तत्त्व आहे. त्याचा परिणाम आता आपल्या अंगणात पडतो आहे.

पूरविद्येच्या दृष्टीने ह्याचा अर्थ गंभीर आहे. इंग्लिसच्या सूत्रापासून ते अद्ययावत संगणकीय पद्धतींपर्यंत सर्वांचा पाया असा होता की, मागील पन्नाससाठ वर्षांत नदी जशी वागली तशीच ती पुढेही वागेल. भूतकाळ हा भविष्याचा जामीन आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच. आणि ज्याने तीस वर्षांच्या कर्जावर नदीकाठी घर घेतले, त्याच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सुमारे सव्वीस भरते. हा हिशेबदेखील पाऊस पूर्वीसारखाच राहील असे धरून केलेला आहे. पाऊसच बदलत असेल तर जुन्या नोंदीतला शंभर वर्षांचा पूर उद्या पन्नास वर्षांचा किंवा त्याहूनही कमी मुदतीचा होऊ शकेल, आणि कोणत्या नदीवर तो किती बदलेल हे सांगण्यासाठी पाषाणच्या हवामान-प्रतिरूपांतील पाऊस खडकवासल्याच्या नदी-प्रतिरूपांत ओतून पाहणे अपरिहार्य आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ह्या संस्थेच्या दुसऱ्या शतकाचे प्रमुख कार्य हेच राहील, आणि ते ज्या प्रमाणात साधेल त्याच प्रमाणात तिच्या पहिल्या शतकाचे चीज होईल.

शहराचा पूर हा नदीच्या पुराहून वेगळा असतो, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईने शिकविले. सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्यास तो ७३ मिलिमीटरच होता. एका शहराच्या दोन टोकांत एवढे अंतर असेल तर एका पर्जन्यमापकावर विसंबणे किती धोक्याचे आहे हे निराळे सांगावयास नको. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने त्या आपत्तीची मीमांसा केली, आणि मिठी नदीच्या प्रवाहाचे गणिती प्रतिरूप करण्याचे काम खडकवासल्याकडे आले. विहार व पवईच्या तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीस मिळणाऱ्या ह्या अल्पशा नदीत वरून पूर आणि खालून भरती एकाच घटकेस भेटली तर पाणी कोठे तुंबते, पात्र कोठे रुंद व खोल केले असता ते किती उतरते, आणि पुलांचे खांब व भराव त्यास किती अडवितात, याचा तपशीलवार अभ्यास झाला. खाडी, भरती आणि बंदरे यांचा ह्या संस्थेचा जुना व्यासंग येथे कामी आला.

पुण्यापुरते बोलावयाचे तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावरून येणाऱ्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला वसाहत ह्या भागांत जो हाहाकार केला, तो कोणत्याही धरणातून सुटलेल्या पाण्याचा नव्हता. काही तासांचा पाऊस, आक्रसलेले पात्र आणि त्यावरच्या भिंती एवढेच त्याचे साहित्य होते. उलट २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक्सचा विसर्ग चालू असताना सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. मुठेचा इतिहास पाहता हा आकडा असाधारण नव्हता. ह्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते: धोका केवळ पावसाने वाढत नाही, तर ज्या जागेवर नदीची वहिवाट होती तेथे आपण वस्तीस मंजुरी दिल्यानेही वाढतो. पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेल्या आहेत. परंतु नकाशावरची रेषा बांधकाम परवान्याच्या फायलीपर्यंत पोहोचेपर्यंत तिचा रंग फिका पडतो, हे आपल्या नगरव्यवस्थेचे दुखणे आहे. संशोधन संस्थेचे काम सल्ला देण्याचे; अंमल करण्याचा अधिकार तिला नाही. म्हणून तिने दिलेले अहवाल मागविणाऱ्या खात्याच्या कपाटात न राहता पूररेषेच्या आत राहणाऱ्या रहिवाशाच्या हाती सोप्या मराठीत पडावेत, अशी मागणी ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने करणे मला कर्तव्य वाटते.

आणि एक विनंती वाचकांस. पूर किती चढला होता हे सांगणारी भिंतीवरची एक खूण अभियंत्यास फार मोलाची असते. अशा दोन खुणांच्या उंचीतील फरकावरून पाण्याचा उतार निघतो, उतारावरून व पात्राच्या छेदावरून त्या वेळचा प्रवाह काढता येतो, आणि ज्या पुराच्या वेळी मापकच वाहून गेले त्या पुराची नोंद अशा रीतीने भरून निघते. पुण्यातील जुन्या वाड्यांत, देवळांत व दुकानांत १९६१ च्या पाण्याच्या खुणा अद्याप कोठे कोठे शिल्लक आहेत, आणि वाडे पाडले जात असल्यामुळे त्या दरवर्षी नाहीशा होत आहेत. ज्यांच्या घरी अशी खूण असेल, किंवा त्या दिवसाची छायाचित्रे, पत्रे वा टिपणे असतील, त्यांनी जागेचा नेमका पत्ता, जमिनीपासूनची उंची आणि सांगणाऱ्याचे वय लिहून, शक्य तर छायाचित्रासह, ती माहिती खडकवासल्याच्या केंद्राच्या ग्रंथालयाकडे पाठवावी. २०१९ च्या व २०२४ च्या पाण्याच्या खुणाही रंगाचा नवा हात फिरण्यापूर्वी ह्याच रीतीने नोंदवून ठेवाव्यात.